आतडे कोणी मोजले?

‘लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग पसरला तर टेनिसचे मैदान व्यापेल.’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी तरी वाचले आहे आणि अनेकांनी वर्गात सांगितलेही आहे. सांगायला ते छान आहे. मुले क्षणभर आपल्याच पोटाकडे बघतात, कोणी हसते, आणि धडा पुढे सरकतो. ‘सर, हे कोणी मोजलं?’ असा प्रश्न सहसा येत नाही. आलाच, तर आपल्याकडे त्याचे उत्तर असते का?

बारामती-इंदापूर भागात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीची ‘पचनसंस्था’ या विषयावरची प्रकल्पवही अलीकडे वाचायला मिळाली. वही चांगली आहे, हे आधीच सांगायला हवे. आकृत्या स्वतः काढलेल्या आहेत, अक्षर नेटके आहे, तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा प्रवास क्रमाने दिलेला आहे, कोणत्या रसात कोणते विकर आणि ते कशाचे पचन करते याचा तक्ता आहे. टेनिसचे मैदानही आहे. शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ या मथळ्याखाली पाच पुस्तके दिली आहेत : आडनाव, आद्याक्षरे, पुस्तकाचे नाव, आवृत्ती, गाव, प्रकाशक, वर्ष. स्वल्पविराम आणि अर्धविराम जिथल्या तिथे. सहावा संदर्भ ‘गूगल’ असा आहे. वाचनालयात वाचलेल्या पुस्तकाचे नाव न देता वाचनालयाच्या दाराचे नाव द्यावे तसे हे झाले. या पानाला वेगळे गुण होते आणि ते तिला पूर्ण मिळाले आहेत.

आता वहीतले कोणतेही एक वाक्य घ्यावे आणि ते या पाचांपैकी कोणत्या पुस्तकातले आहे हे शोधू पाहावे. सापडत नाही. वाक्यांना खूण नाही, पृष्ठक्रमांक नाही. पचनसंस्था एका बाजूला आणि संदर्भ दुसऱ्या बाजूला, मध्ये काही नाही. यात त्या मुलीचा दोष काढण्यात अर्थ नाही. तिने जी पुस्तके वापरली त्यांतही असेच आहे, आणि सातवी-आठवीपासून तिने पचनसंस्थेचा जो धडा वाचला त्यातही असेच होते. हे परीक्षण वहीचे नसून त्या धड्याचे आहे. शाळेपासून परिचर्येच्या पहिल्या वर्षापर्यंत तो जवळजवळ तोच राहतो. फक्त नावे वाढतात.

टेनिसच्या मैदानापासूनच सुरुवात करू. दुहेरीच्या सामन्याचे मैदान २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे २६१ चौरस मीटर. जुन्या पुस्तकांत आतड्याचा आकडा पुढील गुणाकारातून येई. आतडे ही गुळगुळीत नळी मानली तर तिचा आतला पृष्ठभाग साधारण एक-तृतीयांश चौरस मीटर भरतो. आतल्या वळ्यांमुळे तो तिप्पट होतो, बोटांसारख्या रसांकुरांमुळे त्याच्या दहापट आणि रसांकुरांवरील पेशींच्या सूक्ष्मांकुरांमुळे आणखी वीसपट. तीन, दहा, वीस यांचा गुणाकार सहाशे. म्हणून दोनशे चौरस मीटर. मग कोणी तरी त्याला टेनिसच्या मैदानाची उपमा दिली, आणि पुढे आकडा विसरून उपमाच तेवढी फिरत राहिली.

स्वीडनमधील गोथेनबर्गचे हर्बर्ट हेलांडर आणि लार्स फेन्ड्रिक्स या दोघांनी २०१४ मध्ये हा हिशोब पुन्हा केला. जिवंत माणसाच्या आतड्याची लांबी-रुंदी आणि आतल्या अस्तराच्या नमुन्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली केलेली मोजमापे त्यांनी वापरली. वळ्यांमुळे वाढ तिप्पट नव्हे, १.६ पट, रसांकुरांमुळे ६.५ पट, सूक्ष्मांकुरांमुळे १३ पट. हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखा आहे. तीन मीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर व्यासाची नळी घ्या. तिचा आतला पृष्ठभाग ०.२४ चौरस मीटरच्या जवळपास येतो. त्याला १.६, ६.५ आणि १३ ने क्रमाने गुणले की ३२ च्या आसपास उत्तर मिळते. त्या दोघांचा लहान आतड्याचा आकडा सुमारे ३० चौरस मीटर आहे आणि मोठ्या आतड्याचा जेमतेम दोन. त्यांनीच दिलेली तुलना बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाची आहे.

मग टेनिसचे वाक्य चूक म्हणून खोडायचे आणि बॅडमिंटनचे लिहायचे, एवढेच करायचे का? तेवढेच केले तर काहीच बदलले नाही. एक पाठांतर गेले, दुसरे आले. भारताच्या किनारपट्टीची लांबी आपण वर्षानुवर्षे ७,५१६ किलोमीटर शिकवली. अधिक बारकाईने मोजल्यावर आता ती ११,००० किलोमीटरच्या वर गेली आहे. समुद्र काही वाढलेला नाही. खाडीची किती वळणे मोजायची, यावर लांबी ठरते. आतड्याचेही तसेच आहे. ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कसे मोजले?’ हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. लहान आतड्याची लांबी कुठे सहा मीटर तर कुठे तीन मीटर वाचायला मिळते, आणि विद्यार्थी गोंधळतात. पण सहा मीटरच्या आसपासचा आकडा मृतदेहाचा आहे. मृत्यूनंतर स्नायूंचा ताण जातो आणि नळी लांबते. जिवंत शरीरात ती आखडलेली असते. कशावर मोजले हे सांगितले की भांडण मिटते. संदर्भ देणे म्हणजे मुळात एवढेच : हे कोणी, केव्हा, कशावर आणि कसे पाहिले, याचा माग वाचणाऱ्याला लागेल असे लिहिणे. स्वल्पविराम नंतर.

असा माग काढत गेले की पचनसंस्थेच्या धड्यात माणसे दिसू लागतात. जठररसाबद्दल आपण जे शिकवतो त्याचा मोठा भाग एका जखमी मजुराच्या पोटातून आलेला आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो कातड्यांच्या व्यापारात राबणारा कॅनडाचा फ्रेंच भाषक होता. लष्करी शल्यविशारद विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले, पण जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. १८२५ पासून ब्यूमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहत. दोनशेहून अधिक प्रयोग त्यांनी केले आणि १८३३ मध्ये पुस्तक छापले. त्यात कोणता पदार्थ जठरात किती वेळ राहतो याचा तक्ता आहे. शिजवलेला भात एक तास, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच तास. ‘अमुक पचायला इतके तास लागतात’ असे छापील तक्ते आजही दिसतात तेव्हा विचारावेसे वाटते, हे किती माणसांच्या पोटातले आहे? ब्यूमाँटचा तक्ता एका माणसाच्या पोटातला होता, आणि ब्यूमाँटने ते लपवलेले नाही. त्या माणसाशी त्यांनी लेखी करार केला होता. पण गरिबीने अडलेल्या माणसाची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न रुग्णाच्या उशाशी उभे राहणाऱ्या परिचारिकेने तरी विचारायलाच हवा. सेंट मार्टिन अनेकदा घरी निघून जाई. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी जठर काढून नेऊ नये म्हणून घरच्यांनी प्रेत कुजू लागेपर्यंत पुरले नाही. विकरांच्या तक्त्यात हे मावत नाही, हे खरे. पण दोन ओळींची जागा मिळायला हरकत नव्हती.

नुसती यादी दिली की काम भागते, या समजुतीला सर्वांत चांगला धडा पालकाने शिकवला आहे. पालकात भरपूर लोह असते हा समज चुकीच्या दशांशचिन्हामुळे पसरला, जर्मन शास्त्रज्ञांच्या कागदात ते चिन्ह सरकले आणि आकडा दहापट झाला, ही गोष्ट शिक्षकांना फार आवडते. चुकीपासून सावध करणारी गोष्ट म्हणून ती आपण सांगतो. तिचा प्रसार मुख्यतः १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे झाला, आणि त्या लेखात या गोष्टीला आधार दिलेला नव्हता. २०१० मध्ये माइक सटन यांनी शोध घेतला तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावा सापडला नाही. नॉर्वेच्या ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये दाखवले की पुढच्या लेखकांनी एकमेकांचे पाहून ही गोष्ट उतरवली, मूळ कागद न उघडता त्याचा संदर्भ दिला. म्हणजे निष्काळजीपणाविरुद्धची बोधकथाच निष्काळजीपणाने वाढली. (पालकाच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत लोह साधारण तीन मिलिग्रॅम असते आणि त्यातले थोडेच शरीरात शोषले जाते. दशांशचिन्ह कुठेही असो.) आज तर संगणकाला विचारले तर तो आडनाव, आद्याक्षरे, नियतकालिक, वर्ष, पृष्ठ असे सगळे शोभून दिसणारे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ क्षणात लिहून देतो. स्वल्पविराम अगदी बरोबर असतात. केवळ मांडणीला गुण देणाऱ्या परीक्षकाला हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

पण या वहीतली खरी उणीव मैदानाची नाही आणि पालकाचीही नाही. ती ‘शोषण’ या परिच्छेदात आहे. तिथे लिहिले आहे की पचलेले अन्न लहान आतड्यातील रसांकुरांमधून रक्तात शोषले जाते. पाणी मुख्यतः मोठ्या आतड्यात शोषले जाते, असेही एक वाक्य आहे. शाळेच्या धड्यातही ते असते आणि तेही कोणी तपासत नाही. प्रत्यक्षात पाण्याचा फार मोठा वाटा लहान आतड्यातच शोषला जातो. मोठे आतडे राहिलेले टिपून घेते. पाणी आपणहून आत ओढले जात नाही. क्षार आणि ग्लुकोज पेशीत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. हे एक वाक्य धड्यात नाही. जुलाब झालेल्या मुलासमोर परिचारिका उभी राहते तेव्हा तिला नेमके हेच वाक्य लागते.

त्या वाक्याचा माग काढला तर तीन टप्पे लागतात आणि त्यांतले दोन बंगालमधले आहेत. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीच्या जंतूंचे, पण जंतू गाळून काढलेले द्रावण सोडले. तुकडा पाण्याने फुगला. जंतू नाहीत तरी पाणी बाहेर येते, म्हणजे काम विषाचे आहे, हे त्यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. हा लेख बरीच वर्षे फारसा कोणी उद्धृत केला नाही. संदर्भांचीच मोजदाद करण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्या यूजीन गारफील्ड यांनी १९८६ मध्ये, डे यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, या दुर्लक्षावर लेख लिहिला. कोणाचा संदर्भ दिला जातो आणि कोणाचा राहून जातो, हाही विज्ञानाच्या इतिहासाचा भाग आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील परिषदेत मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात. पटकीत पाणी बाहेर फेकले जात असतानाही आत येण्याचे हे दार उघडेच राहते. आणि १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून ठेवले आणि नातेवाइकांकडून रुग्णांना पाजवले. तीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३.६ टक्के राहिले. त्याआधी छावणीत ते ३० टक्क्यांच्या घरात होते. हा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या विद्यार्थिनीला क्षारसंजीवनी माहीत नाही असे मुळीच नाही. तिच्या सामुदायिक आरोग्याच्या वहीत ती आहे : एक पुडी, एक लीटर स्वच्छ पाणी, चोवीस तासांत संपवावे. पण त्या वहीत आतडे नाही आणि पचनसंस्थेच्या वहीत पुडी नाही. दोन विषय, दोन शिक्षक, दोन वह्या, आणि दोन्हींच्या शेवटी तीच पाच पुस्तके. क्षेत्रकार्यासाठी या मुली गळिताच्या हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांवर जातात. भवानीनगर किंवा सोमेश्वरनगरकडच्या फडांवर तान्ह्या मुलाला जुलाब लागले की अनुभवी म्हातारी सांगते, ‘पोटाला इसावा द्या, पाणी बंद करा.’ तिचे म्हणणे अविचारी नाही. तिने जे पाहिले त्यावरून तिने काढलेला तो निष्कर्ष आहे : पाणी पाजले की जुलाब होतात. तिच्याशी बोलायचे तर ‘पुस्तकात लिहिलंय’ एवढे पुरत नाही. जुलाब चालू असतानाही आतड्याचे एक दार उघडे असते आणि साखर-मिठाच्या जोडीने पाणी त्यातून आत जाते, हे जिला स्वतःला कळले आहे तीच मुलगी म्हातारीची समजूत घालू शकेल.

वर्षाचेही तसेच. संदर्भाच्या ओळीत प्रकाशनाचे वर्ष शेवटी येते, म्हणून ते शोभेचे वाटते. १९७५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुडीत सोडियम आणि ग्लुकोज जास्त होते आणि द्रावणाची परासरता ३११ होती. २००२ मध्ये ती २४५ वर आणली गेली, कारण कमी तीव्रतेच्या द्रावणाने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात आणि सलाइन लावण्याची वेळ कमी वेळा येते असे दिसले. २००४ पासून सोबत जस्त देण्याची शिफारस आली : दहा ते चौदा दिवस रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला १०. ग्रंथालयाच्या कपाटात २००२ पूर्वीची आवृत्ती असेल तर तिच्यात ३११ हाच आकडा असणार, आणि त्या काळापुरता तो बरोबरच होता. वहीत हाच आकडा वर्षाशिवाय उतरवला तर वाचणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. परदेशी नियतकालिके महाग, इंग्रजी अवघड, अभ्यासक्रम लांबलचक. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण प्रत्येक परिचर्या-विद्यार्थिनीच्या हाताशी तसे ग्रंथालय असेलच असे नाही. तरीही वर उल्लेखलेल्या बहुतेक लेखांचे सारांश फोनवर फुकट वाचता येतात. पाच पुस्तकांची यादी मागण्याऐवजी वहीतल्या फक्त एका वाक्याचा माग शेवटपर्यंत काढायला सांगितला, तर वीस गुणांचे काम होते.

असे एक वाक्य उसाच्या या पट्ट्यातच हाताशी आहे. आरोग्यकेंद्रातली पुडी मिळत असेल तर तीच द्यावी. ती नसेल तर एक लीटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, असे सांगितले जाते. सहाच का? चहाच्या पाच मिलिलीटरच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर मावते. सहा चमचे म्हणजे पंचवीस ग्रॅम. आतड्यातल्या सूक्ष्मांकुरांवरचे विकर साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करते, त्यांतला एकच ग्लुकोज. म्हणजे ग्लुकोज तेरा ग्रॅमच्या आसपास. आताच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असते. अर्धा चमचा मीठ सुमारे तीन ग्रॅम, पुडीत २.६. घरातला चमचा भाजीचा असेल किंवा शीग लावून भरला असेल तर हा हिशोब कोलमडतो, आणि जास्त मीठ तान्ह्या मुलाला धोक्याचे असते. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून घरोघर जाऊन मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ अर्धा शेर पाण्यात घालायला शिकवले. पण ही चिमूटही आधी मोजलेली होती आणि मातांनी केलेले पाणी प्रयोगशाळेत तपासले जात असे.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर वर्गातल्या प्रत्येकाची तीन बोटांची चिमूट तोलून पाहता येईल. तीस मुलांचे तीस आकडे येतील आणि सर्वांत लहान नि सर्वांत मोठ्या चिमटीतला फरक पाहून वर्ग चकित होईल. वहीत आकड्याशेजारी कोणाची चिमूट, बारीक मीठ की खडेमीठ, कोणता तराजू आणि कोणती तारीख, हे लिहायला रकाने ठेवावेत.